अठरा गुणांचा आक्रमक संघ : जकार्तातल्या पराभवाचा घटनाक्रम

२३ ऑगस्ट २०१८ रोजी जकार्ताच्या एशियाडमध्ये पुरुष कबड्डीच्या उपांत्य सामन्यात इराणने भारताला २७-१८ असं हरवलं. कबड्डी १९९० साली बीजिंगला एशियाडमध्ये आली, तेव्हापासून भारताने सलग सात सुवर्णपदकं घेतली होती. आठवंही आपलंच, असं सगळे धरून चालले होते. हरल्यावर नशिबाची चर्चा झाली, दुखापतीची झाली, गाफीलपणाची झाली. पण २७ गुण देणं हा कबड्डीत काही फार मोठा गुन्हा नाही. गुन्हा झाला तो दुसऱ्या बाजूला. नावाजलेल्या चढाईपटूंनी खच्चून भरलेल्या संघाला चाळीस मिनिटांत चढाई आणि पकडी मिळून फक्त १८ गुण काढता आले. तो आकडा एका संध्याकाळी तयार झालेला नाही. त्याची उलटी मोजणी चार वर्षं आधी सुरू होते.

हे प्रकरण धाराशिवकरांना लवकर उमगेल, कारण हा खो-खोचा जिल्हा आहे. २०१६च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताच्या महिला संघाचं नेतृत्व करून सुवर्ण आणणाऱ्या आणि २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळवणाऱ्या सारिका काळे इथल्याच. खो-खोत आक्रमण करणाऱ्या नऊ जणांपैकी आठ जण बसलेले असतात आणि एकच पळत असतो. त्याला मधली पाटी ओलांडता येत नाही, घेतलेली दिशा बदलता येत नाही. कितीही वेगवान असला तरी बसलेल्यांना वेळेवर खो दिल्याशिवाय गडी बाद होत नाही. तिथे आक्रमण सगळ्यांचं मिळून असतं, आणि ते डोळ्यांना दिसतं. कबड्डीत मात्र चढाईला जाणारा एकटा दिसतो, म्हणून चढाई एकट्याची असते असा समज होतो. भारताचा घात त्या समजाने केला.

चार वर्षं आधी : ऑक्टोबर २०१४, इंचॉन

एशियाडचा अंतिम सामना, समोर इराण. मध्यंतराला इराण २१-१३ असा आठ गुणांनी पुढे. उत्तरार्धात भारताने १४ गुण मिळवले, इराणला ४ दिले आणि २७-२५ असा सामना काढला. देशात जल्लोष झाला. पहिल्या वीस मिनिटांत चढाया का अडकल्या, हा प्रश्न त्या जल्लोषात वाहून गेला.

बावीस महिने आधी : ऑक्टोबर २०१६, अहमदाबाद

विश्वचषकाच्या सलामीलाच दक्षिण कोरियाने भारताला ३४-३२ असं हरवलं. अंतिम सामना पुन्हा इराणशी, आणि मध्यंतराला पुन्हा इराणच १८-१३ ने पुढे. मग अजय ठाकूरच्या चढायांनी सामना फिरला. उत्तरार्धात भारताचे २५ आणि इराणचे ११ गुण, शेवट ३८-२९.

दोन अंतिम सामने, दोन्हींत मध्यंतराला पिछाडी, दोन्ही वेळा उत्तरार्धात सुटका. यातून दोन धडे घेता आले असते. एक, इराणचा बचाव आपल्या चढाईला अर्धा सामना बांधून ठेवू शकतो. दुसरा, आपल्याकडे शेवटी कुणीतरी तारणारा असतोच. आपण दुसरा घेतला.

८५ दिवस आधी : ३० मे, मुंबई

प्रो कबड्डी लीगच्या सहाव्या हंगामाचा लिलाव सुरू झाला. दोन दिवसांत सहा खेळाडूंनी एक कोटीचा टप्पा गाठला. मोनू गोयत १ कोटी ५१ लाख, राहुल चौधरी १ कोटी २९ लाख, दीपक हुडा आणि नितीन तोमर प्रत्येकी १ कोटी १५ लाख, मुंबईचा रिशांक देवाडिगा १ कोटी ११ लाख. हे पाचही भारतीय, आणि पाचांचीही ओळख मुख्यतः चढाईची. सहावा गडी बचावपटू होता. पण तो भारतीय नव्हता, तो होता इराणचा डावा कोपरा फझल अत्राचली. यू मुंबाने त्याच्यासाठी १ कोटी मोजले.

बाजार काय शिकवत होता ते यात दिसतं. पोराने नाव काढायचं तर चढाई करावी. पकड करणाऱ्याला टाळ्या मिळतात, भाव मिळत नाही. त्या पाचांपैकी चौघे पुढे जकार्ताच्या संघात होते.

आणखी एक गोष्ट नजरेआड झाली. अत्राचली आणि उजवा कोपरा सांभाळणारा अबोझर मिघानी हे दोघे २०१७ मध्ये प्रो कबड्डीच्या गुजरात संघातून एकत्र खेळले होते. कोण कोणत्या पायावर वळतो, कोण दमल्यावर कोणत्या बाजूने परत फिरतो, हे इराणच्या कोपऱ्यांनी आपल्याच लीगमध्ये, आपल्याच मॅटवर पाहून ठेवलं होतं.

५४ दिवस आधी : ३० जून, दुबई

कबड्डी मास्टर्स स्पर्धेच्या अंतिम सामन्यात भारत ४४, इराण २६. तब्बल १८ गुणांनी विजय. एशियाडच्या तोंडावर याहून वाईट औषध मिळालं नसतं, कारण त्याने दुखणंच झाकून टाकलं.

तीन आठवडे आधी : ऑगस्टचा पहिला आठवडा, दिल्ली

दिल्ली उच्च न्यायालयाने राष्ट्रीय कबड्डी महासंघाच्या अध्यक्षपदाची निवड रद्द ठरवली आणि कारभार प्रशासकाकडे सोपवला. संघनिवडीवरूनही माजी खेळाडूंची ओरड चालूच होती. जाहीर झालेल्या बारा जणांत अजय ठाकूर, प्रदीप नरवाल, राहुल चौधरी, रिशांक देवाडिगा, मोनू गोयत, रोहित कुमार आणि दीपक हुडा, असे निम्म्याहून अधिक जण चढाईसाठी ओळखले जाणारे. प्रदीपने आदल्या हंगामात लीगमध्ये चढाईचे ३६९ गुण घेतले होते. बचावात कल्याणचा गिरीश इरनाक, मोहित छिल्लर आणि मोजकी मंडळी.

कागदावर हा संघ भयंकर आक्रमक दिसत होता. पण सात चढाईपटू निवडले म्हणून सात चढाया एकदम करता येत नाहीत. एका वेळी एकच जातो, आणि समोरच्याची चढाई आली की सगळ्यांनाच कोपरा आणि मध्य सांभाळावाच लागतो.

९६ तास आधी : रविवार, १९ ऑगस्ट, जकार्ता

पहिल्याच दिवशी बांगलादेशवर ५०-२१ आणि श्रीलंकेवर ४४-२८. दोन सामन्यांत ९४ गुण. यंत्र सुरळीत चालल्यासारखं वाटत होतं.

७२ तास आधी : सोमवार, २० ऑगस्ट

दक्षिण कोरिया २४, भारत २३. एशियाडच्या इतिहासात भारताचा कबड्डीतला पहिला पराभव. कोरियाकडे चढाईपटू जांग कुन ली होता. प्रो कबड्डीत बंगाल वॉरियर्सकडून तो वर्षानुवर्षं खेळला होता आणि भारतीय बचावाची नस त्याला ठाऊक होती. पण खरी खूण भारताच्या रकान्यात होती : आदल्या दिवशी सामन्याला सरासरी ४७ गुण काढणारा संघ, बचाव भक्कम भेटताच २३ वर आला.

या एका गुणाची किंमत दुहेरी होती. कोरिया गटात अव्वल राहिला आणि भारत दुसरा. त्यामुळे उपांत्य फेरीत दुसऱ्या गटातला अव्वल संघ वाट्याला आला, म्हणजे इराण. जो सामना अंतिम व्हायचा तो एक पायरी आधीच समोर उभा राहिला.

४८ तास आधी : मंगळवार, २१ ऑगस्ट

थायलंडवर ४९-३०. गुणफलक पुन्हा फुगला. कमकुवत बचावाविरुद्ध भारताची चढाई चालते, हे चार सामन्यांत तिसऱ्यांदा सिद्ध झालं. हे सिद्ध करायची गरज कुणालाच नव्हती.

२४ तास आधी : बुधवार, २२ ऑगस्ट

उद्या काय होणार, हे कबड्डीच्या हिशेबातूनच मांडता येत होतं. समोर सहा किंवा सात बचावपटू असतील तरच चढाईपटूला बोनस मिळतो. बोनसने गुण मिळतो, पण बाद झालेला गडी उठत नाही. त्याला उठवायला समोरचा गडी बाद करावा लागतो, स्पर्श करून किंवा पकड करून. म्हणजे तुमचा मुख्य चढाईपटू पकडला गेला, तर त्याला परत मैदानात आणण्याचं काम उरलेल्या सहांचं. त्या सहांना पकड जमत नसेल तर कोटीचा चढाईपटू बाहेर बसून सामना बघतो. त्याच्या जागी दुसरा जातो, तोही घाईत अडकतो, आणि बघता बघता सगळा संघ बाद होऊन लोणची वेळ येते. लोण बसला की समोरच्याला आणखी दोन गुण.

म्हणून पकड करणारा कोपरा हा बचावाइतकाच चढाईचाही भाग असतो. तो आपल्या चढाईपटूला उठवतो, आणि तो पुढची चढाई निवांत करू शकेल एवढी आघाडी जपतो. इराणचे कोपरे पिढ्यान्‌पिढ्यांच्या कुस्तीवर पोसलेले. घोट्याला हात घातला की मध्यरक्षक तत्क्षणी अंगावर येणार, साखळी आवळली जाणार. त्यांनी भारताच्या एकेका चढाईपटूसाठी वेगळा माणूस नेमलेला नव्हता. सातही जण एकाच हालचालीवर तयार होते.

४० मिनिटं बाकी : गुरुवार, २३ ऑगस्ट

पूर्वार्ध रेंगाळला. दोन्ही संघ जपून खेळत होते. अशा खेळात रिकाम्या चढाया वाढतात, आणि लागोपाठ दोन रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण मिळवावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद. या सक्तीच्या तिसऱ्या चढाईचीच पक्का बचाव वाट बघत असतो : पाहुणा आत येणार, रिकाम्या हाताने परत फिरू शकणार नाही, हे त्याला माहीत असतं.

२० मिनिटं बाकी

मध्यंतर : ९-९.

आधीच्या दोन अंतिम सामन्यांत यावेळी भारत आठ आणि पाच गुणांनी मागे होता. इथे बरोबरी होती, म्हणजे दिलासा वाटायला जागा होती. पण वीस मिनिटांत नऊ गुण ही चढाई अडल्याचीच पावती होती. त्या दोन्ही वेळी पिछाडी असूनही भारताने पूर्वार्धात १३ गुण काढले होते. बरोबरीने पुन्हा दुखणं झाकलं.

शून्य

उत्तरार्धात इराण १८, भारत ९. कर्णधार अजय ठाकूर या सामन्यात जखमी झाला. अहमदाबादला ज्याने तारलं तोच घायाळ, आणि तारण्याचा दुसरा कुठला बेत संघाकडे नव्हता. पिछाडी वाढली तशी घाई वाढली, घाई वाढली तशा पकडी होत गेल्या. दुबईत भारत जितक्या गुणांनी जिंकला होता, तितकेच गुण जकार्तात त्याला एकूण मिळाले. दुसऱ्या दिवशी इराणने कोरियाला २६-१६ असं हरवून सुवर्ण घेतलं. भारताच्या वाट्याला कांस्य.

शून्यानंतर २४ तास : २४ ऑगस्ट

महिलांचा अंतिम सामना. सोनाली शिंगटे आणि सायली केरीपाळे या महाराष्ट्राच्या मुली भारतीय संघात. मध्यंतराला भारत १३-११ ने पुढे होता, सामना संपला तेव्हा इराण २७, भारत २४. २०१० आणि २०१४ मध्ये आपलं असलेलं हेही सुवर्ण गेलं.

इराणच्या बाकावर प्रशिक्षक म्हणून बसल्या होत्या नाशिकच्या शैलजा जैन. त्या इराणला गेल्या, तिथली भाषा शिकल्या, मुलींना योगासनं आणि प्राणायामाची सवय लावली, आणि संघ बांधला. मराठी मैदानावरची विद्या परक्या संघात रुजू शकते आणि भारताला हरवू शकते, हे त्या दिवशी दिसलं. गुणवत्ता आपल्याकडे कमी होती असं म्हणायला त्यामुळे जागाच राहत नाही. बांधणी कमी होती.

त्यानंतर

हे दुखणं कबड्डीपुरतं नाही. अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकच्या पुढे पाच धिप्पाड गडी उभे असतात. चेंडू फेकायच्या वेळी समोरच्यांना दोन-तीन सेकंद थोपवायचं, हे त्यांचं काम. त्यांच्या नावावर गुण लागत नाहीत. ९ फेब्रुवारी २०२५ च्या सुपर बोल या तिथल्या अंतिम सामन्यात कॅन्सस सिटी चीफ्सची ही फळी कोलमडली. फिलाडेल्फिया ईगल्सने जादा माणसं धावून न पाठवताच चीफ्सचा क्वार्टरबॅक पॅट्रिक माहोम्स याला सहा वेळा चेंडूसकट लोळवलं आणि सामना ४०-२२ असा जिंकला. त्या खेळातला सर्वांत नावाजलेला फेकणारासुद्धा पुढची फळी नसेल तर हतबल होतो.

कबड्डीत भारताने ७ ऑक्टोबर २०२३ ला हांगझोऊच्या एशियाडमध्ये दोन्ही सुवर्णं परत मिळवली. महिलांनी चिनी तैपेईला २६-२५ असं हरवलं. पुरुषांनी इराणला ३३-२९ असं नमवलं. त्या संघात अस्लम इनामदार आणि आकाश शिंदे हे महाराष्ट्राचे खेळाडू होते. पण तो सामनाही शेवटच्या मिनिटांत २८-२८ वर अडला होता, आणि पवन सेहरावतच्या एका चढाईवरून उठलेल्या नियमाच्या वादात बराच वेळ थांबला होता. सुवर्ण आलं, एका चढाईवर सगळा भार टाकायची सवय मात्र गेली नाही.

ती मोडायची तर सुरुवात तालुक्याच्या निवड चाचणीपासून करावी लागेल. आज तिथे मुलाच्या नावापुढे चढाईचे गुण लिहिले जातात, पकडीचे लिहिले जातात. एक रकाना वाढवायला हवा : याच्या पकडीमुळे किती वेळा आपला बाद चढाईपटू उठला. परंड्याच्या किंवा उमरग्याच्या एखाद्या कोपऱ्याचा तो आकडा मोठा निघाला, तर संघाच्या आक्रमणासाठी पहिली निवड त्याची व्हायला हवी, मग त्याने चढाईचा एकही गुण घेतलेला नसला तरी.