नव्या यंत्राला वळण



दसऱ्याच्या दिवशी सोलापुरातील नवी पेठेत नवे वाहन आले म्हणजे त्यास झेंडूचा हार पडतो, चाकाखाली लिंबू ठेवतात, आणि मित्रांच्या आग्रहावरून तरुण मालक जागच्या जागी इंजिन ‘रेस’ करून दाखवितो. एका वर्षी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने कर्ज काढून रिक्षा घेतली. नारळ फोडणाऱ्यांत मीही होतो, आणि तो आवाज ऐकून मलाही कौतुकच वाटले. शेजारचा वयस्क मिस्त्री तेवढा म्हणाला, “अरे, रिंगा तर बसू द्या!” या एका वाक्यामागे जवळजवळ अडीचशे वर्षांचा इतिहास उभा आहे.

१७७४ साली जॉन विल्किन्सन या इंग्रज कारखानदाराने तोफा कोरण्याची नवी रीत सिद्ध केली. पुढे त्याच्याच कारखान्यात अचूक कोरलेली नळकांडी मिळू लागली, तेव्हा कोठे जेम्स वॉटचे वाफेचे यंत्र व्यवहारात उतरले. तरीही दट्ट्या व नळकांडे यांमधील फट चरबीत भिजविलेल्या वाखाने बुजवावी लागे. १८५२ साली जॉन रॅम्सबॉटमने एके ठिकाणी चिरलेली धातूची कडी दट्ट्यावर बसविली. ही कडी आपल्याच ताणाने भिंतीस टेकते. परंतु दोन धातूंची सोयरीक पहिल्या दिवशीच जमत नाही.

आरशासारखी भासणारी ती भिंत सूक्ष्मदर्शकाखाली डोंगरदऱ्यांची दिसते. कारखान्यात तीवर मुद्दाम परस्परांस छेदणारे तिरकस चरे पाडतात, म्हणजे त्यांत तेल टिकते. कडी व भिंत यांची उंच टोके घासून सपाट झाली की वायू निसटत नाही आणि तेल जळत नाही. त्यापूर्वीच फेरे अनावर वाढविले, तर उष्णतेने तेलाचा थर तुटतो व धातूला धातू चिकटून ओरखडे पडतात.

मोटारीच्या इतिहासात सोलापूरचाही वाटा आहे. १८८२ साली येथे जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्सची स्थापना केली, आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाट मोटारी निघू लागल्या. त्या काळी नवी मोटार पहिले काहीशे मैल हळू चालविणे हा शिरस्ताच होता. इंग्लंडात तर ‘इंजिन नवे आहे, कृपया पुढे जावे’ अशा अर्थाची चिठ्ठी मागील काचेवर लावीत. मागे राहण्यात कोणास कमीपणा वाटत नसे.

नवे इंजिन आरंभापासून जोरातच चालवावे, असे म्हणणारेही आज आहेत. त्यांच्या म्हणण्यात सत्याचा अंश आहे. ज्वलनाचा दाब कडीच्या पाठीमागे शिरून तिला भिंतीवर दाबतो. गाडी केवळ गोंजारीत चालविली, तर कडी नीट बसत नाही. परंतु भार देणे निराळे आणि रेस करणे निराळे. उभ्या गाडीत फेरे वाढतात, पण ओढावयाचा भारच नसल्याने तो दाब पुरता मिळत नाही. घर्षण मात्र पदरी पडते. आजची घडाई पूर्वीपेक्षा पुष्कळ सफाईची आहे; तरीही अनेक कंपन्यांच्या पुस्तिका पहिले सुमारे हजार किलोमीटर संयमाने व वेग कमीअधिक करीत चालवावयास सांगतात.

माझ्या विद्यार्थ्याने पुढेही तसेच रेस करणे चालू ठेवले. वर्ष सरण्यापूर्वी रिक्षा निळा धूर सोडू लागली. मिस्त्रीने इंजिन उघडून ओरखडे दाखविले. कर्जाचे हप्ते चालूच होते, वर दुरुस्तीचा खर्च आला. नव्या खोंडाला पहिल्याच दिवशी मोटेस जुंपू नये, हे त्याच्या शेतकरी आजोबांस ठाऊक होते. मीही ते पोरांना शिकवीत आलो होतो. नारळ फोडताना मात्र विसरलो.