तात्यांचा मुतखडा आणि खडकीची बिअर

आमच्या तात्यांना मुतखडा झाला तेव्हा मी सातवीत होतो. कमरेतून कळ सुटली की एवढा धिप्पाड माणूस ओसरीवर मुटकुळं करून पडायचा. आजी हुलग्याचं कढण पाजायची. शेजारी मिलिटरीतून पेन्शनीत आलेले एक आप्पा होते. ते म्हणाले, "हुलगं-बिलगं सोड तात्या. बीर पी. सातूचं पाणीच हाय ते. खडा पार इरघळून जातू."

तात्या माळकरी. त्यांनी गळ्यातल्या माळेला हात लावून विचारलं, "पर दारू न्हाई नव्हं ती?"

"छ्या! बीर म्हंजी दारू असती व्हय?"

आप्पांनी हे मनानं रचलं नव्हतं. पलटणीत ते कैक वर्षं चालत आलेलं होतं. १८१७ साली खडकीच्या लढाईत पेशवाई हरली आणि पुढं तिथं गोऱ्यांची छावणी बसली. गोरे सोल्जर अरक ढोसून आजारी पडत, मरतसुद्धा. त्यापेक्षा बिअर बरी, असं वरच्या साहेबांना वाटे. पण विलायतेहून पिंपं आणायची तर बोटीचा खर्च फार. म्हणून एडवर्ड डायर नावाच्या साहेबानं कसौलीच्या थंडीत बिअरचा कारखाना काढला. जालियनवाला बागेतला जनरल डायर तो ह्याचाच मुलगा. पुढं मीकिन नावाच्या साहेबानं ते कारखाने विकत घेतले आणि आणखी काही उभे केले. त्यातला एक आपल्या पुण्याजवळ, खडकीला. अरकापेक्षा बरी म्हणता म्हणता ती दारूच नव्हे, इथवर गोष्ट गेली.

त्यात दारूबंदीची भर पडली. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यात प्रकृतीच्या कारणासाठी परवाना मिळायची सोय होती. सरकारच तब्येतीसाठी परवाना देतंय म्हटल्यावर लोक तिला औषध का म्हणणार नाहीत?

तात्यांनी तो सगळा उन्हाळा रोज संध्याकाळी एक बाटली घेतली. गळ्यात माळ तशीच. लघवी भरपूर होई, म्हणून गुण आला असं वाटे. ज्येष्ठात एका रात्री अशी कळ आली की जीपगाडीत घालून पुण्याला न्यावं लागलं. तिथल्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं ते मला अजून आठवतं. बारीक खडा असेल तर तो आपोआपही पडतो, नाव मात्र बाटलीचं होतं. बिअरनं लघवी होते, कारण अंगात पाणी धरून ठेवणारं संप्रेरक दारूनं दबतं. म्हणजे अंगातलं पाणी उलट कमीच होतं, आणि खडा तर कमी पाण्यातच वाढतो. शिवाय बिअरनं युरिक ॲसिड वाढतं, त्याचेही खडे होतात. सातूचं पाणी प्यायचं तर घरी सातू उकळून प्या, नुसतं साधं पाणी प्यालात तरी चालेल.

तात्यांनी एवढंच विचारलं, "म्हंजी ती दारूच व्हती का?"

"दारूच."

ऑपरेशन होऊन खडा निघाला. घरी आल्यावर तात्यांनी गळ्यातली माळ काढून देव्हाऱ्यात ठेवली. त्या आषाढीला ते वारीला गेले नाहीत. संध्याकाळची बाटली मात्र सुटायला पुढं चार वर्षं लागली. माळ पुन्हा घातली ती त्यानंतर.

आता पुण्यात ताजी बिअर गाळून देणारी हॉटेलं झाली आहेत. परवा पुतण्या म्हणाला, "काका, बिअरच घेतो, दारू नाही." मी त्याला कागदावर हिशेब मांडून दिला. स्ट्राँग बिअरची बाटली ६५० मिलीलिटरची, त्यात ८ टक्के अल्कोहोल, म्हणजे ५२ मिलीलिटर. व्हिस्कीत असतं ४२.८ टक्के, तिचे ६० चे दोन पेग म्हणजे ५१. एक बाटली म्हणजे दोन मोठे पेग.

त्यानं कागद खिशात घातला. त्याच्याही गळ्यात माळ आहे. तात्यांचीच.