‘वाफसा’ : मातीच्या रंध्ररचनेचे एक लोकशास्त्र

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळा झाला. परंतु कयाधू व पूर्णा या नद्यांच्या खोऱ्यांतील काळीची भाषा या प्रशासकीय विभागणीहून कितीतरी जुनी आहे. त्या भाषेतील ‘वाफसा’ (किंवा ‘वापसा’) हा शब्द विशेष विचारार्ह होय. पाऊस उघडल्यानंतर जमीन पाय न रुतता, औतास माती न चिकटता कामास योग्य होते, त्या अवस्थेस वाफसा म्हणतात. जमीन ओली असणे म्हणजे वाफसा नव्हे. कोरडी असणे तर नव्हेच. ‘वाफ’ या शब्दाशी त्याचे नाते सकृद्दर्शनी जाणवते.

शास्त्रीय परिभाषेत सांगावयाचे तर, मोठ्या रंध्रांतील पाणी गुरुत्वाकर्षणाने निथळून त्यांत हवा शिरली आहे आणि सूक्ष्म रंध्रांत मात्र पाणी टिकून आहे, अशी ही स्थिती. मुळांना दोहोंची गरज असते. हवा न मिळाल्यास नत्राचा काही भाग वायुरूपाने निघून जातो, मुळे गुदमरतात, आणि खत पुरेसे असूनही पीक पिवळे पडते.

या ज्ञानाची शास्त्रीय कागदपत्रांत नोंद होण्यास मात्र विलंब लागला. व्होल्कर यांचा हिंदी शेतीवरील अहवाल १८९३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यानंतर मृदापरीक्षणाचे काम मुख्यतः रसायनज्ञांच्या हाती राहिले. परीक्षणासाठी माती वाळवावी, कुटावी, चाळावी, अशी रीत पडली. नत्र, स्फुरद, पालाश यांचे प्रमाण तीतून कळते हे खरे. पण कुटताक्षणीच रंध्ररचना नष्ट होते. शेतकरी ज्या गुणावरून पेरणीचा दिवस ठरवीत होता, तोच गुण प्रयोगशाळेच्या बाटलीत उतरत नव्हता! बिहारमधील पुसा येथे अल्बर्ट व गॅब्रिएल हॉवर्ड या दांपत्याने १९१५ च्या सुमारास भूमीच्या वायुवीजनाचा प्रश्न आग्रहाने मांडला, हे या पार्श्वभूमीवर महत्त्वाचे ठरते.

काळीच्या बाबतीत प्रश्न अधिक बिकट आहे. तिच्यातील माँटमोरिलोनाइट जातीची चिकणमाती ओलाव्याने फुगते व वाळल्यावर आकसते. उन्हाळ्यात पडलेल्या भेगांतून पहिल्या सरींचे पाणी खोलवर उतरते. पुढे माती फुगून भेगा मिटल्या की पाणी मुरण्याचा वेग अत्यल्प होतो. वाफशाआधी औत घातल्यास माती मळली जाऊन रंध्रे बुजतात, आणि वाळल्यावर दगडासारखी ढेकळे निघतात. वाफसा टळल्यावरही ढेकळेच निघतात. म्हणजे वाफशाचा अवधी मोजक्या दिवसांचाच. घटिका चुकू नये म्हणून शेतकरी मूठभर माती दाबून पाहतो.

‘चोपण’ हा शब्दही याच कुळातला मानावयास हरकत नाही. सोडियममुळे चिकणमातीचे कण विखुरतात व छिद्रे बंद होतात. अशा जमिनीस हे नाव आहे, आणि ‘चोपणे’ या क्रियापदाशी त्याचे साम्य अर्थपूर्ण वाटते. नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींचा अभ्यास मॅन व ताम्हणे यांनी १९१० मध्ये प्रसिद्ध केला. पाण्याच्या विपुलतेसही निचऱ्याची जोड हवी, हे तेथील अनुभवाने दाखविले.

आज वसमतच्या हळदीसाठी गादीवाफे घालतात, सोयाबीन रुंद वरंबा-सरीवर पेरतात. दोन्हींचा हेतू मुळांभोवती हवा राखणे हाच. उलट, ओल्या रानात उतरविलेल्या जड ट्रॅक्टरमुळे नांगराच्या तळाखाली घट्ट थर तयार होतो. बैल ओल्या काळीत अडत असे, म्हणून वाफशाची वाट पाहणे भागच होते; यंत्र अडत नाही.