ॲनाफिलॅक्सिस

ॲनाफिलॅक्सिस : अचानक उद्भवणारी आणि काही मिनिटांत जिवावर बेतू शकणारी ॲलर्जीची तीव्र प्रतिक्रिया. मधमाशी किंवा गांधीलमाशीचा दंश, पेनिसिलीनसारखी औषधे, शेंगदाणे, कोळंबी ही तिची नेहमीची कारणे.

१९०१ मध्ये शार्ल रिशे आणि पोल पोर्तिए हे फ्रेंच शास्त्रज्ञ मोनॅकोच्या राजाच्या नौकेवर सागरी प्राण्यांच्या विषाचा अभ्यास करीत होते. परतल्यावर त्यांनी समुद्रपुष्पाचे विष कुत्र्यांना टोचले. पहिली मात्रा पचवून धडधाकट राहिलेला नेपच्यून नावाचा कुत्रा काही आठवड्यांनी दिलेल्या दुसऱ्या मात्रेने अर्ध्या तासाच्या आत मेला. शरीराला सावध करणारा पहिला संपर्कच पुढे घातक ठरू शकतो, हे यातून दिसले. रिशे यांना १९१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

ॲलर्जी आणणाऱ्या पदार्थाशी (प्रतिजनाशी) पहिल्यांदा संपर्क आला की मदतनीस टी-पेशींच्या इशाऱ्यावरून बी-पेशी त्या पदार्थाविरुद्ध आयजीई प्रतिपिंडे तयार करतात. ती मास्ट पेशींवर जाऊन बसतात. रुग्णाला काहीच जाणवत नाही. पुन्हा संपर्क आला की प्रतिजन शेजारशेजारच्या आयजीईंना एकत्र जोडतो आणि मास्ट पेशींतून हिस्टामिन बाहेर पडते. मागोमाग ल्यूकोट्राइन व प्रोस्टाग्लँडिन तयार होतात. रक्तवाहिन्या सैलावतात आणि पाझरू लागतात, रक्तदाब घसरतो, श्वासनलिका आकसतात, घसा सुजतो. गेल व कूम्ब्स यांनी १९६३ मध्ये केलेल्या अतिसंवेदनशील प्रतिक्रियांच्या वर्गीकरणात हा पहिला प्रकार.

ॲड्रेनलिन या बिघाडांवर थेट उलट काम करते : रक्तवाहिन्या आकसवते, श्वासनलिका मोकळ्या करते, मास्ट पेशींना आवर घालते. म्हणून पहिले औषध तेच. प्रौढांना १:१००० तीव्रतेचे ०.५ मिलि., मांडीच्या मधल्या भागात बाहेरच्या बाजूस, स्नायूत. मुलांना दर किलोमागे ०.०१ मिग्रॅ. गरज पडल्यास पाच मिनिटांनी पुन्हा. रुग्णाला आडवे झोपवून पाय उंच ठेवावेत. दम लागला असेल तर बसू द्यावे, पण एकदम उभे करू नये. फेनिरामिन आणि हायड्रोकॉर्टिसोन देऊन वाट पाहत बसणे ही गंभीर चूक आहे : हिस्टामिनविरोधी औषध खाज शमवते, घसरलेला रक्तदाब सावरत नाही, आणि स्टेरॉइडला परिणाम दाखवायला काही तास लागतात. अंगावर गांध्या उठल्या नाहीत म्हणून निदान नाकारणेही तितकेच धोक्याचे. काही रुग्णांत त्वचेवर काहीच दिसत नाही.

ओसरलेली लक्षणे काही तासांनी पुन्हा उसळू शकतात. त्यामुळे बरे वाटताच रुग्णाला घरी सोडू नये.