चेतक : एका अश्वनामाचा इतिहास आणि सारंगखेड्याचा बाजार

सचित्र कथामालांतील महानायकाचे विवेचन अनेकांनी केले आहे. त्याच्या मुक्या सोबत्याकडे मात्र अभ्यासकांचे लक्ष क्वचितच जाते. वस्तुतः हा सोबती नायकाइतकाच जुना आहे. ली फॉक यांच्या लेखणीतून 1936 साली अवतरलेल्या फँटमला 'डेव्हिल' नावाचा लांडगा आणि 'हीरो' नावाचा घोडा लाभला. 1955 साली सुपरमॅनच्या कथांत 'क्रिप्टो' नावाचा कुत्रा आला. मार्च 1964 मध्ये मुंबईहून 'इंद्रजाल कॉमिक्स'चा आरंभ झाला आणि फँटम भारतीय भाषांत शिरला. मराठीत तो 'वेताळ' झाला. म्हणजे गावाच्या वेशीवर राखण करणाऱ्या एका जुन्या दैवताचे नाव त्यास मिळाले. हिंदीत लांडग्याचा 'शेरा' झाला, घोड्याचा 'तूफान' झाला. नायकाचे नाव बदलले म्हणून सोबत्याचेही बदलावे लागले, ही गोष्ट भाषाभ्यासकाने ध्यानात घेण्याजोगी आहे. ज्या प्राण्याला नाव नाही तो केवळ वाहन असतो. नाव मिळाले की तो पात्र होतो.

या नामकरणाचा सर्वांत ठळक भारतीय दाखला राणा प्रतापाच्या घोड्याचा होय, आणि तो आज नंदुरबार जिल्ह्यात येऊन पोहोचला आहे. शहादा तालुक्यात तापीच्या काठी सारंगखेडे हे गाव आहे. येथील एकमुखी दत्ताच्या यात्रेस दत्तजयंतीला, म्हणजे मार्गशीर्ष पौर्णिमेस, प्रारंभ होतो आणि त्या निमित्ताने घोड्यांचा मोठा बाजार भरतो. ज्या दैवताच्या पायांशी मूर्तिकार चार कुत्री बसवितो आणि पाठीशी गाय उभी करतो, त्याच्याच यात्रेत घोडे विकले जावेत, यात लोकमानसाला विसंगती वाटत नाही. अलीकडच्या काळात राज्याच्या पर्यटन महामंडळाच्या सहभागाने या यात्रेस जोडून जो उत्सव होऊ लागला, त्यास 'चेतक' हे नाव देण्यात आले. तापीकाठच्या बाजाराला मेवाडच्या घोड्याचे नाव कोणत्या वाटेने मिळाले, हा प्रश्न त्यामुळे उपस्थित होतो.

हळदीघाटची लढाई 18 जून 1576 रोजी झाली. बदायुनी हा इतिहासकार त्या लढाईत स्वतः हजर होता. अबुल फजलने 'अकबरनाम्या'त तिचे वर्णन केले आहे. या समकालीन लेखनात प्रतापाच्या घोड्याचे नाव आढळत नाही. हत्तींची नावे मात्र आढळतात. मेवाडचा रामप्रसाद हा हत्ती मोगलांच्या हाती लागला, बदायुनीने तो अकबरापुढे नेला आणि अकबराने त्याचे नाव बदलून 'पीरप्रसाद' ठेवले. कारण उघड आहे. हत्ती ही लूट होती, आणि लुटीची नोंद दरबार काटेकोरपणे ठेवतो. रणाबाहेर पडून मेलेल्या घोड्याची नोंद ठेवण्याचे दरबारास प्रयोजन नव्हते.

घोड्याचे नाव सापडते ते बरेच पुढे, अठराव्या शतकातील 'खुमाणरासो' या काव्यात. कर्नल जेम्स टॉड याने 1829 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या राजस्थानविषयक ग्रंथाच्या पहिल्या खंडात ही परंपरा घेतली आणि इंग्रजी वाचकांपुढे मांडली. विसाव्या शतकात श्यामनारायण पांडे यांच्या 'हल्दीघाटी' काव्याने ती हिंदी शाळांत नेली. 1967 साली अनंत पै यांच्या संपादनाखाली सुरू झालेल्या 'अमर चित्रकथा' मालेत राणा प्रतापावर पुस्तक निघाले आणि कथेस चित्ररूप आले. पुण्याच्या एका कारखानदाराने 1972 साली स्कूटरला हेच नाव दिले, तेव्हा त्याचा अर्थ कोणास समजावून सांगण्याची गरज उरली नव्हती. भाट, इंग्रज अधिकारी, कवी, चित्रकार आणि कारखानदार अशा क्रमाने हे नाव रूढ झाले. ते खोटे ठरविण्याचे कारण नाही. परंतु ते परंपरेचे आहे, समकालीन कागदाचे नव्हे, एवढा विवेक विद्यार्थ्याने राखला पाहिजे.

शब्दाची घडणही विचारात घ्यावी. 'चेतक' हे रूप संस्कृत 'चित्' धातूशी, चैतन्याशी जोडले जाते. टॉडच्या रोमन लेखनातून मात्र त आणि ट यांचा भेद कळत नाही. आणि 'चेटक' या संस्कृत शब्दाचा अर्थ सेवक असा आहे. एवढ्यावरून व्युत्पत्ती सिद्ध होत नाही. तथापि एकाच नावात चैतन्य आणि सेवा हे दोन्ही अर्थ ऐकू येणे, हे इमानी सोबत्याच्या कल्पनेस साजेसेच आहे. राजस्थानी परंपरेत हा घोडा रंगाने 'निळा' म्हटला जातो, तोही अश्वव्यवहारातील रंगाचा शब्द आहे. सारंगखेड्याच्या बाजारातही घोडा ओळखला जातो तो अबलख, नुकरा, पंचकल्याणी अशा रंगाच्या व खुणांच्या शब्दांनी. व्यापाऱ्याची भाषा लक्षणे सांगते. व्यक्तिनाम देते ती कथा.

येथेच एक अधिक गंभीर प्रश्न उद्भवतो. वेताळाच्या कथांत लांडगा आणि घोडा यांच्या शेजारी आणखी एक इमानी सोबती आहे : गुरन आणि त्याची बांदर जमात. जंगलातील मूळ रहिवासी आणि प्राणी यांना कथाकार एकाच ओळीत, नायकाच्या सेवेत उभे करतो. प्रतापाच्या कथेतही असेच घडले आहे. हळदीघाटात भिल्ल तिरंदाज लढले. पानरव्याच्या राणा पुंजाचे नाव त्या संदर्भात घेतले जाते आणि त्याच्या कुळाविषयी आज वाद आहे. मेवाडच्या राजचिन्हात राजपुताच्या बरोबरीने भिल्लाची आकृती आहे. राजचिन्हाने दिलेला हा समान मान लोकप्रिय कथेने राखला नाही. सामान्य वाचकास घोड्याचे नाव पाठ असते, भिल्ल योद्ध्यांपैकी एकाचेही नाव सांगता येत नाही.

नंदुरबार जिल्हा 1 जुलै 1998 रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. 2011 च्या जनगणनेनुसार त्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण दोन-तृतीयांशाहून अधिक आहे आणि त्यांत भिल्ल समाज मोठा आहे. अशा भूमीत हळदीघाटची स्मृती यावी हे उचितच. परंतु ती घोड्याच्या नावाने आली, त्या लढाईतील भिल्लांच्या नावाने आली नाही. भिली, पावरी आणि अहिराणी बोलींत घोड्यांविषयीचे व वीरांविषयीचे जे शब्द आणि ज्या कथा आहेत, त्यांचे संकलन सारंगखेड्याच्या यात्रेतच करता येण्यासारखे आहे, कारण त्या बोली बोलणारे लोक तेथे एकत्र येतात. ते झाले म्हणजे इमानी सोबत्याच्या या इतिहासाची दुसरी बाजू लिहिता येईल.