शिपायाला ठाऊक असलेले शहर

मुंबईत ताडदेवला फॉर्जेट स्ट्रीट आहे. ज्याच्या नावाने हा रस्ता ओळखला जातो तो चार्ल्स फॉर्जेट १८५५ पासून सुमारे आठ वर्षे मुंबईच्या पोलिसांचा प्रमुख होता. त्याचा जन्म हिंदुस्थानातला. मराठी आणि हिंदुस्थानी तो इथल्या माणसासारखी बोलत असे. १८५७ च्या पावसाळ्यानंतर मुंबईतल्या पलटणींमधले काही शिपाई गंगाप्रसाद नावाच्या इसमाच्या घरी जमतात, अशी कुणकुण त्याला लागली. त्या घराच्या भिंतीला पाडलेल्या छिद्रातून त्याने स्वतः खलबते ऐकली आणि लष्करी अधिकाऱ्यालाही नेऊन ऐकवली. १५ ऑक्टोबरला सय्यद हुसेन आणि मंगल गाडिया या दोघांना एस्प्लनेडच्या मैदानात तोफेच्या तोंडी दिले गेले. वेषांतर करून शहरभर फिरणारा हा पोलीस अधिकारी इंग्रजांच्या लेखी मुंबईचा तारणहार ठरला, आणि पुढे पोलिसांचा इतिहास लिहिणाऱ्यांनीही ही गोष्ट त्याच सुरात सांगितली. त्या कौतुकात एक साधा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही. खात्याच्या प्रमुखाला स्वतः भिंतीला कान लावून का बसावे लागले? गल्लोगल्ली गस्त घालणारे शेकडो शिपाई त्याच्या हाताखाली होते. त्यांना जे दिसत होते, ऐकू येत होते ते वरपर्यंत पोहोचावे, अशी वाटच खात्यात नव्हती. फॉर्जेट निवृत्त होऊन इंग्लंडला गेला तेव्हा मुंबईची ती सारी ओळख त्याच्याबरोबर बोटीत बसून गेली.

मुंबईच्या पोलिसदलाचा इतिहास बहुधा आयुक्तांच्या नामावळीने सांगितला जातो. तो सांगण्याची दुसरीही एक रीत आहे, आणि मला ती अधिक खरी वाटते. वस्तीची माहिती कोणाकडून घ्यायची आणि कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवायचा, हा प्रश्न या खात्याने प्रत्येक काळात सोडवला. उत्तर कधी साहेबाचे स्वतःचे कान असे होते, कधी शेठ आणि मुकादम. ज्याला वस्ती रोज भेटते त्या शिपायाची पाळी सर्वांत शेवटी आली, आणि तीही मुंबईत नव्हे, शेजारच्या भिवंडीत.

सुरुवातीला चित्र थोडे निराळे होते. सतराव्या शतकात गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियरच्या काळी बेटाच्या राखणीसाठी भंडाऱ्यांचे दल उभे राहिले. जमीनदारांनी माणसे पुरवायची आणि माहीम, शिवडी व शीव इथल्या सुभेदारांनी त्यांच्याकडून काम करून घ्यायचे, अशी व्यवस्था होती. ताडीमाडीच्या वाड्यांत वाढलेल्या या माणसांना बेटावरची पायवाट न् पायवाट माहीत होती. म्हणून तो काही सुवर्णकाळ नव्हे. चोऱ्या-दरोड्यांच्या तक्रारी तेव्हाही थांबल्या नव्हत्या. पण रखवालदार हा वस्तीतलाच माणूस असतो, हे तिथे गृहीत होते. शहर वाढले, कारभार गोऱ्या अधिकाऱ्यांच्या हाती एकवटला आणि ते गृहीत सुटले. १७७९ मध्ये लेफ्टनंट ऑफ पोलीस हे पद निघाले, त्यावर जेम्स टॉड आला, आणि १७९० मध्ये लाचखोरीच्या आरोपांवरून त्याला जावे लागले. मुंबईच्या पोलिसांतले हे पहिले गाजलेले भ्रष्टाचाराचे प्रकरण खुर्चीच्या टोकाला घडले, चौकीच्या दारात नव्हे. पुढच्या युक्तिवादासाठी हे ध्यानात ठेवायला हवे.

१८६४ मध्ये फ्रँक साउटर मुंबईचा पहिला पोलीस आयुक्त झाला आणि तब्बल चोवीस वर्षे, १८८८ पर्यंत, त्या जागी राहिला. एवढी दीर्घ कारकीर्द पुढे कोणाच्या वाट्याला आली नाही. त्या काळातली पद्धत सरळ होती. तंटा उभा राहिला की त्या त्या समाजाच्या प्रमुखाला, महाजनाला, जमातीच्या पुढाऱ्याला बोलवायचे आणि त्याच्याकरवी लोकांना शांत करायचे. ही पद्धत स्वस्त पडे आणि बरेचदा चालूनही जाई. तिची मर्यादा ११ ऑगस्ट १८९३ रोजी उघडी पडली. त्या शुक्रवारी जुम्मा मशिदीच्या परिसरात दंगल पेटली, बघता बघता गिरणगावापर्यंत पसरली आणि शेवटी लष्कर रस्त्यावर आणावे लागले. तोवर शहराची वस्ती आठ लाखांच्या पुढे गेली होती. गिरणीत राबणाऱ्या कोकणी किंवा उत्तर हिंदुस्थानी माणसावर काळबादेवीच्या शेठजीचा किंवा भेंडीबाजारातल्या व्यापाऱ्याचा वचक असण्याचे कारणच नव्हते. ज्यांना खाते वस्तीचा आवाज समजत होते त्यांचा वस्तीशी संबंध उरला नव्हता, आणि हे खात्याला दंगल झाल्यावर कळले.

गंमत अशी की ज्यांना हे आधी कळू शकले असते ते खात्याच्या पगारपत्रकावरच होते. मुंबईच्या शिपायांची भरती मोठ्या प्रमाणावर रत्नागिरी जिल्ह्यातून होत असे, आणि गिरण्यांतले हातही मोठ्या संख्येने त्याच जिल्ह्यातले. एक भाऊ साच्यावर आणि दुसरा पोलिसात, हे काही विरळा नव्हते. सरकारी लाइनींत जागा अपुरी असल्याने कितीतरी शिपाई कामगारांच्याच चाळींत भाड्याने राहत. गणपतीला आणि शिमग्याला त्याच बोटीने गावी जात. वरिष्ठांना यात धोका दिसला. संप फोडायला पाठवलेला शिपाई संपवाल्याच्याच गावचा निघाला तर तो लाठी कशी उगारणार, ही त्यांची चिंता होती. राज्यकर्त्यांच्या बाजूने पाहिले तर ती रास्तच म्हणायची. पण त्यातून त्यांनी काढलेले अनुमान दूरवर परिणाम करणारे ठरले. १९०२-०३ च्या फ्रेझर आयोगाने शिपायाचे काम यांत्रिक स्वरूपाचेच असावे आणि जिथे विवेक लागतो तिथे अधिकारी असावा, अशी विभागणी पक्की केली. कमी पगारात धडधाकट माणूस घ्यायचा, त्याला कवायत शिकवायची आणि विचार करायला सांगायचे नाही, हे भरतीचे तत्त्वच बनले. १९४७ मध्ये जे. एस. भरूचा हे पहिले भारतीय आयुक्त झाले, तरी या तत्त्वाला कोणी हात लावला नाही. १९७५ च्या ‘पांडू हवालदार’ने प्रेक्षकांना पोट धरून हसवले, त्या हसण्यामागेही हेच समीकरण होते: हवालदार म्हणजे अधिकार नसलेला आणि फारशी अक्कलही अपेक्षित नसलेला माणूस. राष्ट्रीय पोलीस आयोगाने १९७९ च्या पहिल्याच अहवालात शिपायाकडे विवेकाने काम करणारा माणूस म्हणून पाहावे, असे स्पष्टपणे सुचवले. कागदावर ते पोहोचले. चौकीवर पोहोचायला वेळ लागला.

पोहोचले नाही याचा पुरावा १९८२ ने दिला. त्या वर्षी जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला होता. ऑगस्टमध्ये सरकारने पोलिसांच्या संघटनेवर घाला घातला आणि १८ तारखेला शिपाई रस्त्यावर उतरले. वरळी-नायगावच्या भागात संपकरी गिरणी कामगारही त्यांच्या बाजूने बाहेर पडले. लष्कर आणि निमलष्करी दले आणून ते बंड मोडण्यात आले. घरांची टंचाई, ड्युटीचे न संपणारे तास, साहेबाच्या घरची कामे, या त्यांच्या तक्रारी कोणत्याही कामगाराच्या असाव्यात तशाच होत्या. बेशिस्तीचा प्रसंग म्हणून त्याची नोंद झाली आणि संघटना संपली. शहराच्या सर्वांत अस्वस्थ वर्षात शिपाई आणि कामगार यांचे दुखणे एकच होते, आणि गिरणगाव समजून घ्यायला याहून जवळचा माणूस खात्याला मिळणार नव्हता. या गोष्टीचा उपयोग करून घ्यावा, असे मात्र कोणाला सुचले नाही.

सुचले ते सहा वर्षांनी, भिवंडीत. यंत्रमागांच्या या गावाने १९७० आणि १९८४ अशा दोन भयंकर दंगली पाहिल्या होत्या. पहिलीची चौकशी न्यायमूर्ती मादन आयोगाने केली आणि पोलिसांच्या तपासातल्या पक्षपातावर कडक ताशेरे ओढले. दुसरीत भिवंडी, ठाणे आणि मुंबई मिळून अडीचशेहून अधिक माणसे मेली. १९८८ मध्ये सुरेश खोपडे तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आले. दंगल होण्याची भीती दिसली की प्रतिष्ठितांना बोलावून चहापाणी करणाऱ्या शांतता समित्या त्यांना पुरेशा वाटल्या नाहीत. त्यांनी सुमारे ७० मोहल्ला समित्या उभ्या केल्या. त्यांत दोन्ही धर्मांची साधी माणसे घेतली आणि समितीचे काम बीटवरच्या पोलिसाभोवती उभे केले. बैठका दंगलीसाठी थांबत नसत. नळाचे भांडण, मुलांची मारामारी, मिरवणुकीचा रस्ता, असले विषय तिथे निघत. ज्या शिपायाला पूर्वी वरून फक्त हुकूम येत होता त्याला आता खालून आलेली गोष्ट वर सांगायची होती, आणि वरच्याने ती ऐकायची होती. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत सुमारे नऊशे माणसे मारली गेली. दोनदा जळालेली भिवंडी त्या दोन महिन्यांत शांत राहिली.

यावर पहिला आक्षेप येतो तो भ्रष्टाचाराचा. शिपाई वस्तीत मुरला की हप्ता सुरू होतो, म्हणून त्याला सतत बदलत राहावे, असे खात्यातले जुने लोक सांगतात. हप्ता आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण बदल्यांच्या इतक्या वर्षांत तो संपलेला दिसत नाही. नव्या माणसाला जुन्या माणसाचा दर सांगणारा कोणीतरी नाक्यावर असतोच. आणि टॉडचे उदाहरण सांगते की लाच खाण्यासाठी वस्तीत मिसळावे लागत नाही. लाच पिकते ती साक्षीदार नसलेल्या जवळिकीत. पन्नास जणांसमोर महिन्याच्या महिन्याला बसणाऱ्या पोलिसाला त्यांतल्याच पानवाल्याकडून पैसे घेणे अवघड जाते. बदलीपेक्षा हा इलाज मला अधिक कामाचा वाटतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. वस्तीतला शिपाई वस्तीचे पूर्वग्रहही घेऊन येतो. १९९२-९३ च्या दंगलींची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाने १९९८ मध्ये दिलेल्या अहवालात पोलिसांच्या एका भागात मुसलमानांविषयी आकस होता, असा निष्कर्ष काढला. ज्यांचा पक्षपात सिद्ध झाला त्यांच्याच हातात अधिक विवेकाधिकार द्यायचा का? हा प्रश्न उडवून लावता येणार नाही. तरी एक बाब पाहावी लागते: तो पक्षपात करणारे शिपाई ज्या वस्त्यांवर तुटून पडले त्या वस्त्यांशी त्यांची ओळख नव्हती. लालबागच्या लाइनीत राहणाऱ्याला लालबाग ठाऊक होते, डोंगरी नव्हे. भिवंडीच्या समित्यांत पोलिसाला समोरच्या धर्माच्या माणसाशी नावानिशी बोलावे लागत होते. पूर्वग्रह त्याने गेला असेल असा माझा दावा नाही. पण नाव माहीत असलेल्या माणसावर बंदूक रोखणे जड जाते. आणि भरतीतच विविधता नसेल तर या उपायाला मर्यादा राहणार, हेही मान्य करायला हवे.

भिवंडीचे उदाहरण अपवाद आहे, यंत्रमागाच्या धंद्यात हिंदू-मुसलमान एकमेकांवर अवलंबून असल्याने ती शांत राहिली, असेही म्हटले जाते. धंद्याचा हा संबंध १९७० आणि १९८४ मध्येही होताच. त्याने दंगल अडवली नाही. उलट तपासणी काळाने २००६ मध्ये केली. खोपडे जाऊन बरीच वर्षे झाली होती आणि समित्यांतली धुगधुगी कमी झाली होती. ५ जुलैला कब्रस्तानालगतच्या जागेवर पोलीस ठाणे बांधण्यावरून तंटा पेटला. पोलिसांच्या गोळीबारात दोघे मेले आणि जमावाने दोन पोलीस शिपायांना ठार केले. बांधकामाला वस्तीचा विरोध आहे हे काही गुपित नव्हते.

मुंबईतही १९९४ पासून आयुक्त सतीश साहनी, माजी आयुक्त ज्युलिओ रिबेरो, सुशोभा बर्वे आणि एफ. टी. खोराकीवाला यांच्या पुढाकाराने मोहल्ला समित्या निघाल्या. वस्त्यांतल्या बायका त्यांत आल्या, पोलीस आणि तरुण यांचे क्रिकेटचे सामने झाले, आणि जखमा भरण्यासाठी त्यांनी केलेल्या कामाला मोल आहे. पण त्यांचा भार निवृत्त अधिकारी आणि मान्यवर नागरिकांच्या खांद्यावर राहिला. त्या अंशी त्या साउटरच्या पद्धतीला भिवंडीपेक्षा जवळच्या. शिपाई तिथे पाहुणा होता.

आज भरतीला उभ्या राहणाऱ्या मुलामुलींची सोळाशे आणि आठशे मीटरची धाव पाहतात, गोळाफेक पाहतात, शंभर गुणांची लेखी परीक्षा घेतात. तीस टक्के जागा महिलांच्या आहेत, आणि चाळीच्या दारात आतून ज्या गोष्टी सांगितल्या जातात त्या ऐकणारे कान त्यामुळे खात्याला मिळाले. शहरातल्याच उमेदवाराला घ्यावे, हा मार्ग मला पटत नाही. रत्नागिरीचा शिपाई गिरणगावचा झाला तो जन्माने नव्हे, राहण्याने. अडचण राहण्याचीच आहे. बदलापूर-टिटवाळ्याहून लोकलने येऊन बारा तास उभे राहणाऱ्याला बीट ओळखायला वेळ कुठला? २०१६ मध्ये आयुक्त दत्तात्रय पडसलगीकर यांनी देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग सुरू केला. त्याचे गणित, पाळ्यांच्या तक्त्यासकट, तिथल्या एका शिपायाने मांडून दाखवले होते.