ओस्मानी सुवर्णनाणी

ओस्मानी सुवर्णनाणी ही ओस्मानी साम्राज्यात पंधराव्या शतकापासून विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत पाडली गेलेली सोन्याची नाणी होत. सुलतानी, फिंदिक, झेर-इ-महबूब आणि लिरा हे त्यांतील प्रमुख प्रकार आहेत. या नाण्यांवर राजाची प्रतिमा नसते. सुलतानाचे नाव, टांकसाळ व वर्ष अक्षरांतून नोंदलेले असते. त्यामुळे नाण्याची दुर्मिळता सोन्याच्या वजनापेक्षा त्यावरील लेखावरून ठरते.

इतिहास

आक्चे हे ओस्मानी राज्याचे आरंभीचे नाणे चांदीचे होते. मेहमेद दुसरा याने हिजरी ८८२ (इ.स. १४७७-७८) मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथे सुलतानी हे सोन्याचे नाणे पाडले. त्याचे वजन सुमारे ३.५ ग्रॅम, म्हणजे व्हेनिसच्या डुकाटाइतके होते. हेच डुकाट महाराष्ट्रात ‘पुतळी’ या नावाने परिचित होते. १५१७ मध्ये इजिप्त जिंकल्यानंतर कैरो येथेही सुलतानी पाडली जाऊ लागली. पुढे अलेप्पो, दमास्कस, अल्जीयर्स आदी ठिकाणच्या टांकसाळींची त्यांत भर पडली.

अठराव्या शतकात फिंदिक आणि त्याहून हलके झेर-इ-महबूब प्रचारात आले. महमूद दुसरा (१८०८-१८३९) याच्या काळात नाण्यांचे वजन व कस वारंवार बदलल्याने अनेक प्रकार निर्माण झाले. अब्दुल मजीद पहिला याच्या १८४४ च्या नाणेसुधारणेने लिरा प्रमाणित केला. १०० कुरुशांच्या या नाण्याचे वजन ७.२१६ ग्रॅम व कस २२ कॅरेट होता.

कालनिश्चिती

नाण्यावर बहुधा सुलतानाच्या राज्यारोहणाचे हिजरी वर्ष असते. सुलेमान पहिला याच्या बहुतेक सुलतानींवर ९२६ हेच वर्ष आढळते. त्यावरून नाणे नेमके केव्हा पाडले हे कळत नाही. उत्तरकालीन नाण्यांवर राज्यवर्षाचा अंकही असतो. राज्यारोहणाच्या वर्षात हा अंक मिळवून एक वजा केल्यास नाणे पाडल्याचे वर्ष मिळते. उदा., १२९३ व राज्यवर्ष १० असल्यास ते नाणे हिजरी १३०२ चे ठरते.

दुर्मिळता

मुराद पाचवा १८७६ मध्ये केवळ ९३ दिवस गादीवर होता. त्यामुळे त्याची सुवर्णनाणी दुर्मिळ आहेत. त्याच्या व त्याचा उत्तराधिकारी अब्दुल हमीद दुसरा याच्या नाण्यांवर १२९३ हे एकच वर्ष असल्याने केवळ तुग्रा, म्हणजे सुलतानाची नक्षीदार नाममुद्रा, वाचूनच ती वेगळी ओळखता येतात. मेहमेद पाचवा याच्या बुर्सा, एदिर्ने, सलोनिका आदी शहरांच्या भेटींनिमित्त त्या त्या शहराच्या नावाने काढलेली नाणीही संग्राहकांना मोलाची वाटतात.

जतन व कायदा

अनेक नाणी दागिन्यांत घालण्यासाठी भोके पाडून किंवा कड्या डाखून वापरली गेली, तर काही वितळवली गेली. सोने तेवढेच राहिले तरी भोकाखाली टांकसाळीचे नाव किंवा वर्ष गेल्यास नाण्याची ओळख कायमची पुसली जाते. दागिन्यांसाठी सोन्याच्याच नकला बनवल्या जात असल्याने केवळ वजन व कस तपासणे पुरेसे ठरत नाही. अक्षरांचे वळण आणि ठशाची खूण अस्सल नाण्याशी ताडून पाहावी लागते.

तुर्कस्तानात १९८३ च्या सांस्कृतिक वारसा संरक्षण कायद्यानुसार प्राचीन नाण्यांची निर्यात निषिद्ध आहे. अब्दुल मजीदपासूनच्या शेवटच्या सहा सुलतानांची नाणी मात्र देशांतर्गत नोंदणीविना विकता येतात. त्यामुळे अशा नाण्याचा सुलतान कोण हे ओळखणे संग्राहकासाठी कायद्याच्या दृष्टीनेही आवश्यक ठरते.